अर्ध्यावर सोडलेलं वर्तुळ

बिरू, तू गेल्याची बातमी सांगलीत माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तुझं विमान पडलेलं होतं. दूधवाला म्हणाला, "सर, तुमचं सातारचं पायलट गेलं म्हनं. इमान पडलं." एसटी स्टँडवर भेटलेल्या एका वकिलांनी त्यात समुद्र घातला. मी साताऱ्याला उतरेपर्यंत तुला इंग्लंडच्या किनाऱ्यावर बुडवून झालं होतं. खरं तर तू तुझ्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होतास, चहा पिऊन झाला होता, वहिनींकडे पेपर मागितला होतास, आणि त्या पेपर घेऊन येईपर्यंत तू संपला होतास. शेवटचं विमान चालवून तुला चार उन्हाळे झाले होते. पण हे लोकांना सांगताना मला फार त्रास झाला. वैमानिकानं खुर्चीत मरावं ही त्यांना आपली फसवणूक वाटते.

मी असलं काही लिहीत नाही हे तुला माहीत आहे. मेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की विशेषणं आपण होऊन कागदावर येतात आणि माणूस हळूच उठून जातो. तू तर जिवंतपणीही विशेषणांच्या खोलीतून उठून जायचास. म्हणून तुझ्याशी बोलतो. वाद घालतो म्हटलंस तरी चालेल. तो चाळीस वर्षं चालू होता, आणि निकाल लागण्याआधीच निघायची तुला घाई.

सांगलीच्या कॉलेजात आपण एका बाकावर बसायला लागलो ते आडनावांच्या क्रमामुळे, कसल्याही जिव्हाळ्यामुळे नव्हे. आटपाडीच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातला तू, आणि गावभागात पुस्तकांच्या कपाटांमागे वाढलेला मी. पहिला वाद मिरवणुकीतल्या हत्तीवरून झाला. मी नुकताच इतिहास वाचायला लागलो होतो आणि झूल, अंबारी, चौघडा या सगळ्याचा मला तिटकारा आला होता. मी म्हटलं, "हा सगळा भपका आहे. त्या हत्तीला फक्त भूक कळते." तू हत्तीच्या पायांकडे बघत होतास. म्हणालास, "झूल सोड रं. त्येचा पाय कुठं पडतोय ते बघ. एवढी गर्दी हाय, कुणाच्या बोटावर पडला का?" मी भपका बघत होतो, तू पाय बघत होतास. पुढे आपण जे जे भांडलो ते थोडंफार हेच होतं.

हवाई दलातली तुझी वर्षं मी सांगणार नाही. ती शोकसभेत सांगून झाली, आणि त्यातली निम्मी तुझी नव्हतीच. मला आठवतं ते निवृत्तीनंतरचं. लढाऊ विमान चालवलेल्या माणसाला पन्नाशीनंतर आपल्या भागात काय काम असतं, हे तुझ्यामुळे कळलं. एका साखर कारखान्यानं तुला सुरक्षा अधिकारी म्हणून बोलावलं. काम काय, तर फाटकाशी उभं राहायचं आणि चेअरमनची गाडी आली की सलाम ठोकायचा. तू त्यांना विचारलंस, "गाडी किती वेळा येती?" ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." तू म्हणालास, "मग न्हाई जमत. मला येळापत्रक लागतं." ते बिचारे अजून समजतात की तुला पगार कमी पडला.

आणि मग नव्वदच्या सुमाराला ते इंग्लंडचं निघालं. तिकडे जुनी जेट विमानं हौशी लोक विकत घेतात, दुरुस्त करतात आणि उन्हाळ्यात जत्रेसारख्या भरणाऱ्या एअर शोमध्ये उडवतात, हे मला तू सांगितलंस तेव्हा मी खूप हसलो. ग्रॅहम नावाच्या एका दातांच्या डॉक्टरनं आणि त्याच्या मित्रांनी मिळून व्हॅम्पायर नावाचं एक जुनं लढाऊ जेट घेतलं होतं. त्यांच्याकडे विमान होतं, इंजिन होतं, मंडळाची पाटी होती. ते चालवलेला माणूस सापडत नव्हता. तिकडे स्थायिक झालेल्या तुझ्या एका जुन्या सहकाऱ्यानं तुझं नाव सुचवलं. तू जवानीत तेच चालवलं होतंस. परीक्षा झाल्या, डोळे तपासले, परवाने झाले आणि दर उन्हाळ्यात आमचा विंग कमांडर साताऱ्याहून निघून परक्या देशात आइस्क्रीम खाणाऱ्या लोकांपुढे विमान उलटंपालटं करायला जाऊ लागला.

मी म्हटलं, "बिरू, लढाईत चालवलंस ते समजलं. आता सर्कशीत?"

तू म्हणालास, "लढाईत कोण बघत हुतं? हितं बघत्यात. वाकडं झालं तर दुसऱ्या पायलटला दिसतं."

"पण हे मारायला बनवलेलं यंत्र. त्याची सहल करायची?"

"यंत्राला काय म्हाईत, कशाला बनवलंय ते. तुला तरी म्हाईत हाय का?"

  तुझं हे मला अजूनही पटलेलं नाही, हे नोंदवून ठेव.

त्या विमानाचा फोटो तू दाखवलास. मध्ये बुटकं तोंड, मागे दोन लांब दांड्या आणि शेवटी त्यांना जोडणारी पट्टी. उलटी जुंपलेली बैलगाडी म्हणावी असं. पुढचा भाग, म्हणजे वैमानिक बसतो तोच, लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचा, सरसानं चिकटवलेला. मी म्हटलं, "म्हणजे तू कपाटात बसून उडतोस." तू म्हणालास, "कपाटच. पर लय चांगल्या सुताराचं." मग मी वाचनालयात बसून त्याच्याबद्दल वाचलं. तुझ्या त्या एकाच आसनाच्या विमानात, संकट आलं तर माणसाला बाहेर फेकणारी खुर्ची नव्हती. हे विचारल्यावर तू जराही न चाचरता म्हणालास, "न्हाई. म्हणून तर सगळा इचार जमिनीवर करून जायाचा."

हा जमिनीवरचा विचार कसा असतो, तो आटपाडीनं पाहिला.

एका वर्षी इंग्लंडला निघण्याआधी तू गावी गेला होतास आणि मी सोबत होतो. सकाळी तू माळावर गेलास. कसरतींचा सगळा क्रम तू रोज चालून बघायचास. हात पंखासारखे पसरलेले, डोळे अर्धे मिटलेले, ओठांत वेग आणि उंचीचे आकडे. वळण आलं की अंग कलतं करून गोल फिरायचं, वर जायचं असेल तेव्हा मान मागं टाकून टाचांवर यायचं. मध्ये थांबायचं नाही, कुणी हाक मारली तरी नाही, कारण आकाशात थांबता येत नाही. तिकडे सगळे पायलट असंच करतात हे मला माहीत होतं. तुझ्या चुलतीला नव्हतं. ती शेळ्या घेऊन आली आणि बघत उभी राहिली. मग तिनं शेळ्या सोडल्या आणि वस्तीकडे पळाली. थोड्या वेळात बायका आल्या, दोन-तीन म्हातारे आले, कुणीतरी भंडारा आणला. एवढा शिकून परदेशात गेला तरी कुळाच्या बिरोबानं शेवटी माळावर गाठला, अंगात आला, याचं समाधान सगळ्यांच्या तोंडावर होतं. मी समजवायला गेलो तर एक म्हातारा मला म्हणाला, "तुमी बामनाचं हाय. तुमाला न्हाई कळायचं. गप ऱ्हावा."

तू शेवटचं वळण घेतलंस, उतरलास आणि डोळे उघडलेस. कपाळावर भंडारा आणि पुढ्यात चुलती, हात जोडून.

"द्येवा, पाऊस कवा पडंल?"

तू क्षणभर माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता शास्त्र सांगणार. तू चुलतीच्या पाया पडलास आणि म्हणालास, "काकी, ढग असल्यावर मी उडत न्हाई. मला कसं म्हाईत आसंल?"

ती वळून बायकांना म्हणाली, "ढग न्हाईत म्हंतोय. औंदा बी न्हाई." आणि औंदाही नाही पडला. तुझी भाकणूक खरी ठरल्याची ख्याती त्या वस्तीवर अजून आहे, आणि मी तिच्याविरुद्ध आता काही बोलत नाही.

हे सगळं हसण्यासारखं असलं तरी एका माणसाला हसू येत नव्हतं. वहिनी. साताऱ्यात तू आतल्या खोलीत बॅग भरत होतास आणि त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"भावजी, तुमी एवढी पुस्तकं वाचली. तुमचं कुनी ऐकतं का?"

"नाही, वहिनी."

"मग नुसता वाद तरी घाला. वाद घालाय लागलं की ते घरात बसत्यात."

मग त्यांनी ते सांगितलं, जे तू कधी सांगितलं नव्हतंस. हवाई दलाच्या क्वार्टरमधल्या बायका खिडकीत उभ्या राहायच्या. एखादं विमान परत आलं नाही की अधिकाऱ्यांची जीप यायची, आणि ती कुणाच्या फाटकाशी थांबते हे सगळ्या बघत राहायच्या. "दुसऱ्याच्या दाराला थांबली की आदी सुटल्यावानी वाटायचं. मग त्या बाईकडं जायाचं, तिला धरायचं, आन् आपल्याला सुटल्यावानी वाटलं म्हणून लाज वाटायची. नोकरी हुती, तवा केलं. आता ह्या वयात पुन्ना त्या खिडकीत उभं करू नगा म्हनावं. इंग्लंडातनं फोन येतो ना, तवा मी दुसऱ्यांदा घंटी वाजल्याबिगर उचलत न्हाई."

मी तुझ्याशी वाद घातला. साताऱ्याच्या स्टँडपर्यंत घातला. मी म्हटलं, "कधी थांबणार ते तरी सांग." तू म्हणालास, "कळंल मला." मी म्हटलं, "सगळ्यांना असंच वाटतं. ज्यांना कळलं नाही ते सांगायला येत नाहीत." तू हसलास आणि गाडीत चढलास. मला तेव्हा तुझा राग आला होता. कळंल मला, असं म्हणणाऱ्या माणसांनी इतिहासाची पुस्तकं भरलेली आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे इंग्लंडला होतो. तू बोलावलंस आणि मी आलो, थोडा टवाळी करायच्या तयारीनं. साहित्य भरपूर होतं. कुरणावर हजारो माणसं, घडीच्या खुर्च्या, कुत्री, बिल्ले विकणारे म्हातारे, आणि कर्ण्यावरून प्रत्येक विमानाला आकाशाचा राजा म्हणणारा एक निवेदक. पण तुम्हा वैमानिकांच्या तंबूत आलो आणि माझी टवाळी अडकली. मला वाटलं होतं तिथे पदकं असतील. तिथे कोपरावर फाटलेले डगले होते. एकजण आठवडाभर प्रवासी विमान चालवायचा आणि शनिवारी हंटर नावाचं जुनं लढाऊ जेट. एकजण शाळेत गणित शिकवायचा. एका म्हाताऱ्याचा खुबा गेलेला, त्याला दोघांनी धरून विमानात चढवावं लागायचं, आणि आत बसला की तो एकदम ताठ व्हायचा. सगळे जुने सैनिक, आणि लढाईबद्दल अवाक्षर नाही. बोलणं फक्त वाऱ्याचं. चहा पिऊन झाल्यावर तुम्ही उठलात, शेडमागच्या गवतावर गेलात आणि प्रत्येकानं हात पसरून आपापला क्रम चालायला सुरुवात केली. चार-पाच पांढऱ्या केसांची माणसं, प्रत्येकजण आपल्या आकाशात, कुणी कुणाला धडकत नाही. आटपाडीत हे झालं असतं तर भंडारा कमी पडला असता.

चालताना तू एका जागी मान मागं टाकलीस, आणि नंतर मुद्दाम परत येऊन मला ती जागा दाखवलीस. लूप म्हणजे विमानानं आकाशात काढलेलं उभं वर्तुळ. त्याच्या माथ्यावर वैमानिक उलटा असतो. "हितं उंचीचा काटा बघायचा," तू म्हणालास. "ठरलेल्या उंचीपेक्षा वर आसलो तर खाली ओढायचं. कमी आसलो तर न्हाई. सरळ व्हायचं आन् निघून जायाचं. तिथं इचार करायचा नसतो. त्यो आदीच करून ठेवल्याला असतो."

"आणि तरी ओढलं तर?"

"तर खाली जागा पुरत न्हाई."

मग तू गेलास. त्या लाकडी कपाटाचा आवाज शिट्टीसारखा होता, एवढ्या मोठ्या यंत्रातून निघावा तसा नव्हे. तू दोन वेळा लोकांपुढून गेलास, लांबून वळलास, खाली आलास आणि वर चढायला लागलास. मी खुर्चीतून उठलो होतो. तू माथ्यावर पोचलास, उलटा. तिथून वर्तुळाचा दुसरा अर्धा भाग सुरू व्हायचा होता. तो झाला नाही. विमान तिथल्या तिथे कूस बदलावी तसं फिरलं, सुलटं झालं आणि झाडांवरून सरळ, शांतपणे निघून गेलं. निवेदकानं त्याला काहीतरी सुंदर नाव दिलं. हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या सगळ्या कुरणावर काय झालं ते फक्त तुमच्या तंबूतल्या माणसांना कळलं, आणि मला. गणिताच्या मास्तरनं हातातला कप खाली ठेवला होता.

तू उतरलास, शिरस्त्राण काढलंस आणि चहा मागितलास. ग्रॅहम आला. माणूस सज्जन होता. त्यानं काही विचारलं नाही, पाठ थोपटली आणि म्हणाला, उद्या आपले पाहुणे येतायत. तू म्हणालास, उद्या नाही. यापुढे नाही. तो म्हणाला, लूप वगळ ना, नुसता लोकांपुढून दोनदा जा. तू म्हणालास, लूप वगळला तरी बाकीचं मीच चालवणार.  मग त्यानं तुझ्याशी हात मिळवला, पहिल्यांदा भेटल्यासारखा.

मी मात्र पेचात होतो. मी म्हटलं, "अरे, पण तू नियम पाळलास. बरोबर केलंस. मग सोडायचं कशाला?" बघ, वर्षभर तू थांबावंस म्हणून भांडलो आणि तू थांबलास तेव्हा दुसऱ्या बाजूनं बोलायला लागलो. वाद घालायची सवय वाईट.

तू कपात बघत म्हणालास, "वरचं सोडून दे गड्या. काटा बघून सुटायचं, ते कुणीबी करंल. खाली लूपमधी शिरतानाच येग कमी हुता. त्यो मला दिसला न्हाई. पयला दिसायचा." मग कप रिकामा करून म्हणालास, "आज नियमानं वाचवलं. हितनं फुडं मी नशिबावर उडणार. ते आपल्याला जमत न्हाई."

तंबूत एकच फोन होता. तू वहिनींना लावलास. पहिली घंटी वाजली तशी तू म्हणालास, "दुसऱ्या घंटीला उचलंल." मला तेव्हा कळलं की तुला हे माहीत होतं. तू एवढंच बोललास, "झालं. येतोय. व्हय, कायमचा."  मग त्या काय बोलल्या ते मी विचारलं. तू म्हणालास, "म्हनली, येताना चांगली छत्री आन."

साताऱ्यानं तुझा सत्कार केला तो त्याच हिवाळ्यात. शाल, श्रीफळ, फेटा, आणि व्यासपीठामागे थर्माकोलचं जेट, ज्याला प्रवासी विमानासारख्या खिडक्या होत्या. चार वक्त्यांनी तुला चार पक्षी केलं. मग तू उठलास आणि त्या अर्ध्यावर सोडलेल्या वर्तुळाची गोष्ट सांगितलीस. वेग कमी होता, दिसला नाही, म्हणून थांबलो. बसलास. टाळ्या यायला वेळ लागला, आणि आल्या त्या फेट्यासाठी. बाहेर पडताना संयोजक तुझ्या कानाशी आले, "साहेब, जरा वीररस पाहिजे होता." तू त्यांना गंभीरपणे म्हणालास, "तेवढाच शिल्लक हुता." घरी येईपर्यंत आपण हसत होतो.

एक गोष्ट मी तुला बोललो नाही. आपल्यात तसं बोलायची रीत नव्हती. कौतुक करायचं असलं की आपण चूक काढायचो. मी आयुष्यभर राजे, सेनापती आणि त्यांच्या स्वाऱ्या शिकवल्या. वर चढलेली माणसं पुष्कळ भेटली. माथ्यावर पोचल्यावर, हजारो लोक बघत असताना, काटा बघून निमूट सरळ निघून गेलेला माणूस मी एकच पाहिला. त्या दिवशी कुरणावर मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानंतर तू चार वर्षं घरी होतास. भाजी आणलीस, नातीला सायकल शिकवलीस, माझ्या लेखांतल्या चुका काढल्यास. रोज सांगता आलं असतं. आता सांगतो. ऐकतोयस असं मी मानत नाही, पण लिहून ठेवलेलं बरं.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी मंडळाचे लोक घरी आले. कोपऱ्यावरच्या चौकात खांब उभारून त्यावर सिमेंटचं विमान बसवायचं ठरलंय. खालच्या पाटीचा मजकूर वहिनींना दाखवायला आणला होता: मृत्यूला आकाशात आव्हान देणारा वगैरे. मी शेजारी बसलो होतो, माझं मत कुणी विचारलं नव्हतं. वहिनींनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे काढा. 'घरी येऊन मेला' आसं लिवा."

अध्यक्ष चुळबुळले. "वहिनी, तरुणांना जरा प्रेरणा मिळेल असं..."

"आवं, ह्यांच्या बरुबरचं किती घरी मेलं, ते इचारा की कुनाला तरी."

 मग त्यांच्यातला एकजण हळूच म्हणाला, "पण विमान तर बसवायचं ना? नाक वर करून, झेप घेतल्यासारखं?"

"बसवा," वहिनी म्हणाल्या. "नाक वर नगं. सरळ ठेवा. आन् तोंड हिकडं, घराकडं करा."